२०१७चा डेस्कटॉप, लिनक्स मिंट आणि मराठीचं काम : आठ महिन्यांनंतर

मी घरून अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते. दिवाळी अंक, कवितासंग्रह, संस्थांच्या स्मरणिका, अधूनमधून एखादा प्रबंध. दिवसाचे सात-आठ तास कॉम्प्युटरसमोर जातात आणि त्यातलं नव्वद टक्के काम मराठीत असतं. हे आधी सांगते, कारण लिनक्सबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्रजीत काम करणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. मे २०२५मध्ये मी विंडोज १० सोडून लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर आले. आता जानेवारी २०२६ आहे. मधे दिवाळी अंकांचा अख्खा हंगाम येऊन गेला.

माझं मशीन २०१७चं. इंटेल आय५-७४००, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. विंडोज १०चा आधार, म्हणजे त्याला मिळणारी नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे आधीपासून माहीत होतं. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. माझा प्रोसेसर सातव्या पिढीचा, म्हणजे एका पायरीने हुकला. नियम चुकवून विंडोज ११ बसवता येतं, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, आणि लोकांची अप्रकाशित हस्तलिखितं असलेल्या मशीनवर मला तो धोका नको होता. नवीन कॉम्प्युटर घ्यायचा तर चाळीस-पन्नास हजार. आणि या मशीनला झालं काय होतं? काहीच नाही. चार कोअरचा प्रोसेसर अक्षरजुळणीला आजही भरपूर आहे. रेंगाळत होती ती हार्ड डिस्क.

भाचा सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "मावशी, आधी डबा उघडून बघू." आठ वर्षांची धूळ पंख्याच्या पात्यांवर लोकरीसारखी बसलेली. गच्चीवर नेऊन ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी, सुकून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवीन लावली, बोर्डवरच्या घड्याळाचा सीआर२०३२ सेल बदलला. मग ५०० जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि ८ जीबीची आणखी एक रॅम बसवली. सगळं मिळून पाच हजारांच्या आसपास गेले. (रॅमचे भाव गेल्या काही महिन्यांत बरेच चढलेत, तेव्हा आज हाच हिशेब लागणार नाही. दोन्हींतलं एकच परवडत असेल तर एसएसडी घ्या.) पूर्वी बटण दाबल्यापासून हात कामाला लागेपर्यंत चहा व्हायचा. आता अर्ध्या मिनिटात मी शेवटच्या प्रूफावर असते. यातलं बरंचसं श्रेय मिंटचं नाही, एसएसडीचं आहे.

जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी ठेवली, मिंट नव्या एसएसडीवर टाकलं. बसवताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली होती, म्हणजे चुकून भलतीच डिस्क पुसली जाण्याची भीतीच नाही. हे मी सगळ्यांना सांगते. प्रत्यक्ष बसवायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पेन ड्राइव्हवरून मिंट न बसवताही चालवून बघता येतं. आम्ही तसं आधी दोन दिवस वापरलं, वायफाय, आवाज, स्कॅनर सगळं तपासलं आणि मगच बसवलं.

खरं काम तिथून पुढे सुरू झालं, आणि ते सगळं मराठीचं होतं.

विंडोजवर मी आठ वर्षं फोनेटिक पद्धतीने, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांच्या कळा दाबून, टाइप करत होते. मिंटमध्ये फोनेटिक आहे, पण अक्षरांच्या जागा थोड्या वेगळ्या. ही 'थोडी' फार घातक. बोटं सवयीने जुन्या जागी जातात आणि शब्द निम्मा बरोबर, निम्मा चूक उमटतो. चार दिवस झगडले आणि ठरवलं, नवीन शिकायचंच आहे तर इनस्क्रिप्ट शिकू. तो भारत सरकारचा कीबोर्डचा प्रमाण आराखडा आहे, विंडोज, लिनक्स, मोबाइल सगळीकडे मुख्य अक्षरांच्या जागा त्याच. पुन्हा कधी सिस्टिम बदलली तरी बोटांना बदलावं लागणार नाही.

इनस्क्रिप्टची रचना कळली तेव्हा मी खरंच हरखले. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. मधल्या ओळीत डावीकडे ओकार, एकार, हलन्त, इकार, उकार. उजवीकडे प, र, क, त, च, ट. शिफ्ट धरली की उजवीकडे महाप्राण : प चा फ, क चा ख, त चा थ. डावीकडे मात्रेचा पूर्ण स्वर. ल वर शिफ्ट धरली की ळ. आणि र वर शिफ्ट धरली की ऱ, आपल्या 'दऱ्या'तला, 'सुऱ्या'तला. शब्द टाइप करताना डावा-उजवा, डावा-उजवा असा हात आपोआप चालतो. पहिल्या आठवड्यात एक पान संपता संपत नव्हतं, तिसऱ्या आठवड्यात जुना वेग आला, जुलैत तो मागे पडला. संध्याकाळी उजवं मनगट दुखायचं ते थांबलं. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीला वेगळा लेआउट ठेवायची सोय आहे, ती चालू करा. ईमेलची खिडकी इंग्रजीत राहते, मजकुराची मराठीत, आणि सारखी अदलाबदल करावी लागत नाही.

यातून एक अडचण मात्र उभी राहिली. जुन्या फोनेटिकमध्ये मी 'ऱ्या' काढायचे तो साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. इनस्क्रिप्टमध्ये तो वेगळ्या ऱ पासून येतो. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका कादंबरीत निम्मा मजकूर मेच्या आधी टाइप केलेला, निम्मा नंतर. लेखकांनी एका गावाचं नाव बदलायला सांगितलं, मी शोधून बदललं आणि निर्धास्त झाले. शेवटच्या वाचनात जुनं नाव सतरा ठिकाणी सापडलं. त्यात 'ऱ्या' होता! तेव्हापासून कुठलीही जुनी फाइल हातात आली की पहिलं काम म्हणजे सगळे जुने 'र्‍' शोधून त्यांचे 'ऱ्' करणं. लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) हे एका फटक्यात होतं.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या वळणाची. पहिल्या दिवशी लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडली आणि ल आणि श हिंदी वळणाचे दिसले. आपल्या वाचकाला ते लगेच खटकतात. मला वाटलं फाँटच तसा आहे. पण नोटो देवनागरी या फाँटात दोन्ही वळणं आहेत, मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच तो मराठी ल आणि श देतो. लिब्रेऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जटिल लिपीसाठी (देवनागरी त्यातच येते) एक वेगळा रकाना असतो, तिथे हिंदी होतं. मराठी केलं आणि पान डोळ्यांदेखत बदललं. एवढ्या छोट्या गोष्टीपायी लिनक्सवर मराठी नीट दिसत नाही असं म्हणून कुणी परत जात असेल तर मला फार वाईट वाटतं.

फाँटचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. ग्राहकांच्या फाइली बहुधा मंगल नाहीतर निर्मला यूआयमध्ये येतात. ते फाँट विंडोजबरोबर येतात, मिंटमध्ये नसतात, मग बदली फाँट लागतो आणि पानं पुढेमागे सरकतात. पुस्तकाचं काम फर्म्याच्या हिशेबाने चालतं. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर ६४ पानांत बसलेलं पुस्तक ६६ झालं की छापखान्याचं गणित बिघडतं. मी आता दोन गोष्टी करते. मूळ फाइलीबरोबर पीडीएफ मागून घेते, म्हणजे लेखकाला पान कसं दिसत होतं ते कळतं. आणि अंतिम मांडणी मुक्त परवान्याच्या फाँटमध्येच करते : मजकुराला आयआयटी मुंबईचा शोभिका, मथळ्यांना मुक्ता. शोभिकातली जोडाक्षरं बघा एकदा. संस्कृत अवतरणं असलेल्या पुस्तकात तर त्याला तोड नाही.

पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस १.६ हा प्रोग्रॅम वापरते. देवनागरी नीट जुळवतो, छपाईसाठी चार रंगांची पीडीएफ नीट देतो. शिकायला मात्र वेळ लागतो आणि मोठ्या पुस्तकात तो मंदावतो, म्हणून दोनशेच्या वर पानं असली की मी लिब्रेऑफिसमध्येच करते आणि स्क्रायबस मुखपृष्ठ आणि जाहिरातींपुरता ठेवते. टेसरॅक्टने मात्र मला जिंकलं. छापील मराठी पान स्कॅन करून त्याचा मजकूर काढणारं हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याची मराठी भाषा-फाइल वेगळी बसवावी लागते. स्वच्छ छपाई असेल तर इतका चांगला मजकूर देतं की जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणाची दोन कामं मी त्याच्या भरवशावर घेतली. अनुस्वार आणि रफार मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावे लागतात.

आता सप्टेंबरात झालेली चूक. वीस वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअरमधल्या, जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधल्या (युनिकोड म्हणजे अक्षरांची सगळीकडे चालणारी प्रमाण संकेतपद्धती) काही फाइली फक्त विंडोजवर उघडतात. त्यासाठी अधूनमधून जुन्या डिस्कवर जाते, इंटरनेट बंद ठेवून. एका दिवाळी अंकाची जाहिरात अशीच होती. सकाळी ११ला तिची पीडीएफ फोल्डरमध्ये ठेवली होती. फोन नंबर बदलायचा निरोप आला, दुपारी ३ला विंडोजमध्ये जाऊन दुरुस्त पीडीएफ त्याच फोल्डरमध्ये काढली, मिंटवर परत आले, तारखेप्रमाणे सगळ्यात वरची फाइल उचलली आणि पाठवली. संध्याकाळी छापखान्यातून फोन : "ताई, जाहिरातीत नंबर जुनाच दिसतोय." प्लेट अजून निघाली नव्हती म्हणून वाचले.

कारण असं. बोर्डवरच्या घड्याळात मिंट जागतिक वेळ ठेवतं, विंडोज ती स्थानिक वेळ समजतं. भारतात दोघांत साडेपाच तासांचा फरक. दुपारचे ३ विंडोजला सकाळचे साडेनऊ वाटले आणि नवी फाइल जुन्या फाइलीच्या खाली जाऊन बसली. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल म्हणून आज्ञा आहे, तिने घड्याळ स्थानिक वेळेत ठेवायला सांगितलं की हा घोळ संपतो. दोन्ही सिस्टिम ठेवणार असाल तर पहिल्याच दिवशी करून टाका. त्याच बैठकीत विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि त्याच्या डिस्कवर मिंटला काही लिहिता येत नाही.

प्रिंटरने दोन संध्याकाळी खाल्ल्या. जुना लेझर प्रिंटर आहे, त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुनाट. भाच्याने फोनवरून एकेक पायरी सांगत चालू करून दिला. स्कॅनर वायर जोडताच चालला. तुमच्या घरी डिजिटल सहीचं टोकन किंवा फक्त विंडोजवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर लागत असेल, तर ते आधी तपासल्याशिवाय ही वाट धरू नका. मला ते लागत नाही, म्हणून माझं जमलं.

स्थैर्याबद्दल सांगायचं तर आठ महिन्यांत मशीन दोनदा अडकलं, दोन्ही वेळा ब्राउझरमध्ये पन्नासेक टॅब उघडे होते. कामाच्या मधोमध 'अपडेट होत आहे, बंद करू नका' असं एकदाही झालं नाही. अपडेट कधी घ्यायचं ते मी ठरवते. सप्टेंबरात मिंट २२.२ आलं, तेव्हा अंक छपाईला जायचे होते म्हणून हात लावला नाही. दिवाळी झाल्यावर अपडेट मॅनेजरमधून केलं, त्याआधी टाइमशिफ्टने सिस्टिमची प्रत घेऊन. टाइमशिफ्ट फक्त सिस्टिम जपतं, तुमच्या फाइली नाही, हे ध्यानात ठेवा. त्यांच्यासाठी दर शनिवारी मी वेगळ्या डिस्कवर प्रत काढते. २२ मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर हे मशीन बारा वर्षांचं होईल.

टेबलाबद्दल थोडंसं. २४ इंची मॉनिटर घेतला, उभं पान पूर्ण दिसतं. तो जुन्या शब्दकोशांच्या दोन खंडांवर ठेवलाय, म्हणजे मान वाकत नाही. खिडकी डाव्या हाताला. ६०० व्हीएचा यूपीएस आधीपासून होता, त्याची बॅटरी तेवढी बदलली. आमच्याकडे पावसाळ्यात वीज रोजच जाते.

जुन्या फाँटमधल्या ४१ फाइली होत्या. युनिकोडमध्ये आणून, पुन्हा वाचून, २९ झाल्यात. रविवारी एक-दोन करते. बारा उरल्यात. त्या संपल्या की जुन्या डिस्कची केबल कायमची काढणार.