आर्लेत्ती की आलिस गी?

जुन्या फ्रेंच सिनेमातली नटी आर्लेत्ती आणि दिग्दर्शिका आलिस गी, दोघींच्या चित्रपट-मालिकांची तिकिटं एकाच हिवाळ्यात काढायचा आगाऊपणा मी केलेला आहे, त्यामुळे कुणी विचारलं तर सांगण्यासारखं थोडंफार माझ्याकडे आहे. दरवर्षी दोन-चार जण विचारतातच. पुण्यामुंबईहून सहा महिन्यांच्या कामासाठी पॅरिसला आलेली मंडळी असतात ती. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलेली, फिल्म सोसायटीच्या खुर्च्यांवर तरुणपण घालवलेली. आयफेल झाला, लूव्र झालं, आता संध्याकाळी काय करायचं? मग कुठेतरी 'जुन्या फ्रेंच सिनेमातल्या बायका' अशा धर्तीची मालिका लागलेली दिसते आणि मला मेसेज येतो.

अशा मालिका इथे सतत कुठे ना कुठे चालू असतात. कधी बेर्सी भागातल्या सिनेमातेक फ्रांसेज या जुने चित्रपट जपणाऱ्या संस्थेत, कधी लॅटिन क्वार्टरमधल्या रू शांपोलियों या एवढ्याशा गल्लीत. तिथे तीन थिएटरं एकमेकांना खेटून उभी आहेत. मालिका साधारण दोन घाटांच्या असतात. एक नट्यांची: आर्लेत्ती, दानिएल दारियू, सिमोन सिन्योरे, झान मोरो. दुसरी कॅमेऱ्यामागच्या बायकांची: आलिस गी, झेर्मेन द्युलाक, जाकलीन ओद्री, आन्येस वार्दा. संध्याकाळी मोजक्याच मोकळ्या असतील तर यातली कुठली घ्यावी, एवढाच प्रश्न.

कागदावर नट्यांची मालिका केव्हाही सरस दिसते, हे आधीच कबूल करतो. नावं मोठी, चित्रपट पूर्ण लांबीचे, हॉल भरलेला. दारियूला 'मादाम द...' (1953) मध्ये मोठ्या पडद्यावर पाहणं काय असतं ते लिहून सांगता येत नाही. दिग्दर्शक माक्स ओफ्यूल्सचा कॅमेरा तिच्यामागे नाचाच्या हॉलमधून फिरत राहतो. एका नाचातून दुसऱ्या नाचात आपण कधी गेलो, मधे किती दिवस गेले आणि ही बाई कधी प्रेमात पडली, हे तिच्या मानेच्या वळणावरून कळतं. टीव्हीवर ते 'छान' वाटलं होतं. हॉलमध्ये माझा श्वास अडकला. ही दारियू पुढे शंभर वर्षं जगली, 1917 ते 2017. मोरोचं ते 1958च्या 'आसांसर पूर लेशाफो' मधलं रात्रीचं चालणंही तसंच. प्रियकर आला नाही म्हणून ती शांझेलीझेवर भटकते, आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड आहे तो फक्त दुकानांच्या काचांमधून येणारा. कॅमेरा ठेवला होता बाबागाडीत. मागे माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट. तिथे भाषा लागतच नाही.

पण आर्लेत्तीच्या संध्याकाळी माझं बिनसलं.

चित्रपट होता 'ओतेल द्यु नोर', 1938चा, मार्सेल कार्नेचा. थिएटरचं नाव सांगत नाही, कारण त्यात थिएटरचा काही दोष नव्हता. इथे येणाऱ्यांच्या एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही: पॅरिसात परदेशी चित्रपटांना फ्रेंच सबटायटल्स असतात, पण फ्रेंच चित्रपटांना सहसा काहीच नसतं. कशाला असेल? दादा कोंडक्यांच्या सिनेमाला दादरमध्ये कोणी मराठी सबटायटल्स देतं का? आणि दादांचा सिनेमा एखाद्या फ्रेंच माणसाला, त्याचं मराठीचं दुसरं पुस्तक नुकतंच संपलेलं असताना दाखवावा, तसं माझं त्या रात्री झालं. आर्लेत्ती बोलते ते शाळेतलं फ्रेंच नव्हे. ते पॅरिसच्या गल्लीतलं, नाकातून आलेलं, शब्दांची शेपटं खाऊन टाकणारं फ्रेंच. त्यात ध्वनिमुद्रण 1938चं.

तेही चाललं असतं. न समजणाऱ्या माणसाची मला सवय आहे, कचेरीत रोज तोच असतो मी. खरा घोळ निराळाच होता. त्या हॉलमध्ये आलेले निम्मे लोक हा चित्रपट वीस-पंचवीस वेळा पाहिलेले होते. कालव्यावरच्या पुलावरचं ते प्रसिद्ध भांडण आलं, आर्लेत्तीनं तोंड उघडलं, आणि तिचं वाक्य यायच्या आधी अर्धा सेकंद सगळा हॉल हसला. आधी! वाक्य त्या हशाखाली बुडालं. माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई होत्या. त्या वाक्य पुटपुटत होत्या आणि हसतही होत्या, दोन्ही एकाच वेळी. मी त्यांच्याकडे बघून ओशाळवाणं हसलो. कशाला हसलो ते मला अजून सांगता येणार नाही. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, आवडला का? मी म्हटलं, फार. घरी येऊन संवाद शोधून वाचले तेव्हा कळलं की विनोद खरोखर चांगला होता.

हे एकदाच झालं असतं तर गोष्ट वेगळी. 1945च्या 'लेझांफां द्यु पारादी' ला पुन्हा तेच. तीन तासांहून मोठा चित्रपट, प्रेव्हेरचे संवाद, आणि लोकांना ते शाळेतल्या कवितेसारखे पाठ. तिथे निदान मधे मूकनाट्याचे प्रवेश आहेत, तेवढ्यापुरतं मला हॉलमधल्या इतरांच्या बरोबरीनं बसता आलं. (आर्लेत्तीला मात्र त्या चित्रपटाचं कौतुक नीट उपभोगता आलं नाही. जर्मन अधिकाऱ्याशी असलेल्या संबंधांमुळे 1944 मध्ये तिला अटक झाली होती. त्या मालिकेच्या माहितीपत्रकात याची एक ओळ होती, तीही अगदी खाली.)

तर मी दुसऱ्या मालिकेकडे वळलो तो काही फार थोर कारणासाठी नव्हे. मूकपट असतील, मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या वाचता येतील, एवढाच हिशेब. पाटी पडद्यावर बराच वेळ राहते. तिच्याआधी कोणी हसत नाही.

आलिस गीचे छोटे छोटे चित्रपट एकत्र लावतात, काही दोन-तीन मिनिटांचे, काही पाच-सहा. ही बाई गोमाँ कंपनीत लेओं गोमाँची सेक्रेटरी म्हणून लागली आणि काही वर्षांतच तिथल्या चित्रनिर्मितीची प्रमुख झाली. आपल्याकडे 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' झाला तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून फाळक्यांना अण्णा साळुंके उभे करावे लागले. त्या वर्षी आलिस गी अमेरिकेत न्यू जर्सीला स्वतःचा स्टुडिओ चालवत होती. हे वाचलेलं होतं, पण तिच्या चित्रपटांना एवढं हसू येईल याची कल्पना नव्हती. 1906चा एक आहे, गरोदर बाईच्या डोहाळ्यांवरचा. ती रस्त्यानं नवऱ्याबरोबर चाललीय आणि दिसेल ते हिसकावून घेतेय: पोराच्या हातातलं लॉलीपॉप, कॅफेत बसलेल्या माणसाचा आबसँथ या दारूचा पेला, गरिबाचा मासा, कोणाची तरी पाइप. प्रत्येक वेळी कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो, आणि तो चाखतानाचा आनंद बघावा. 'डोहाळे' हा शब्द माझ्याकडे होता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी हॉलबरोबर हसलो. एकदा तर जरा आधीच.

द्युलाकची संध्याकाळ वेगळ्या जातीची. 'ला सूरियांत मादाम बदे' (1923) जेमतेम पाऊण तासाचा आहे. छोट्या गावातला कापडाचा व्यापारी, त्याची वाचनवेडी बायको, आणि नवऱ्याची एक घाणेरडी सवय: रिकामं पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावून गंमत करायची. एके दिवशी बायको त्यात गोळ्या भरते. पुढचं सांगत नाही. पण टेबलावरची फुलदाणी मधोमध ठेवायची की कडेला, यावर त्या नवराबायकोत चाललेलं न बोलता भांडण पाहून मला आमच्या वाड्यातल्या दोन-तीन घरांची आठवण झाली. आता हेही खरं की मूळ नाटक दोन पुरुषांचं होतं, त्यामुळे 'सगळं बाईचंच' असं म्हणायला जागा नाही. तरी ते स्वयंपाकघर आणि ती खिडकी ज्या नजरेनं दिसतात ती मला पहिल्या मालिकेत दिसली नव्हती. तिथे बाई सुरेख, प्रकाश सुरेख, आणि तोंडातलं वाक्य झांसों किंवा प्रेव्हेर या पुरुष संवादलेखकांचं.

या मालिकेचे तोटे आहेत, लपवत नाही. एक म्हणजे व्याख्यानं. पाऊण तासाच्या चित्रपटाआधी अर्धा तास कोणी तरी बोलतं आणि बोलण्याच्या ओघात शेवट सांगून टाकतं. मी दोनदा शेवट ऐकून मग चित्रपट पाहिला. तिसऱ्यांदा बाहेर कॉफी पीत उभा राहिलो. तुम्हीही तेच करा. दुसरं म्हणजे संगीत. कुठे पियानोवाला असतो, कुठे नसतो. सिनेमातेक ज्यांनी उभं केलं ते आंरी लांग्लवा मूकपट मुकेच दाखवायचे, आणि ती चाल अधूनमधून अजून दिसते. ठार शांततेत तासभर बसायचं असेल तर जेवूनच जा, नाहीतर पोटातले आवाज चार रांगांना ऐकू जातात. तिसरं, प्रिंटची अवस्था. काही चित्रपट नुसते तुकडे आहेत, काहींचा फिकटपणा डोळ्यांना त्रास देतो. नट्यांच्या मालिकेत बहुतेक सगळं झळझळीत, नव्यानं दुरुस्त केलेलं असतं.

आणि बोलपट याही मालिकेत आहेतच. जाकलीन ओद्रीचा 'ओलिव्हिया' (1951) मुलींच्या निवासी शाळेत घडतो आणि त्यात बोलणं भरपूर आहे. पण त्यातली एडविज फॉयेर रंगभूमीवरची नटी, तिचं प्रत्येक अक्षर स्वच्छ. मला वाटतं ऐंशी टक्के तरी कळला. हॉल अर्धा रिकामा होता, त्यामुळे वाक्य पाठ असणारंही कोणी नव्हतं. ओद्रीचं नाव मी त्याआधी ऐकलं नव्हतं याची मला थोडी लाजच वाटली.

वार्दाच्या 'क्लेओ' (1962) बद्दल एवढंच सांगतो की तो पॅरिसातच पाहावा, आणि शक्य तर दुपारच्या खेळाला. तपासणीच्या निकालाची वाट बघणारी एक गायिका दीड तास शहरात फिरते, पडद्यावरही दीडच तास. सुरुवातीला तिला आपण आरशांमध्ये बघतो, सगळे तिच्याकडे बघतात तसं. मग मधे कुठे तरी ती विग काढून ठेवते, काळा साधा पोशाख घालते आणि रस्त्यावर ती लोकांकडे बघायला लागते. संवाद सुटले तरी पाय सुटत नाहीत. मी बाहेर आलो तो थेट मेट्रोत न शिरता मोंसुरी बागेपर्यंत चालत गेलो, पाऊस असूनही.

तर निवड. तुमचं फ्रेंच पक्कं असेल, इथे चार-पाच वर्षं काढली असतील, तर मी वर लिहिलेलं सगळं उलटं वाचायला हरकत नाही. नट्यांची मालिका घ्या आणि आर्लेत्ती पुढच्या रांगेतून ऐका. माझ्यासारखं अर्धवट असेल तर, माझ्यापुरतं तरी, दुसरी मालिका जास्त पदरात टाकते. वाटल्यास पहिलीतल्या दारियू आणि मोरो या दोन संध्याकाळी तेवढ्या सुट्या घ्या. ओफ्यूल्सची खानदानी माणसं सावकाश, नीट बोलतात, आणि मोरो चालते. सिन्योरेचा 'कास्क दॉर'ही (1952) चालून जाईल, त्यातही डोळेच जास्त बोलतात.

मुझिदोराचं नाव कुठल्याही मालिकेत दिसलं तर मात्र सोडू नका. 1915च्या 'ले व्हांपीर' मधली ती अंगाबरोबरच्या काळ्या पोशाखातली चोरटी. नंतर तिनं स्वतःही चित्रपट दिग्दर्शित केले, म्हणजे दोन्ही मालिकांवर तिचा हक्क. उतारवयात ती सिनेमातेकमध्येच काम करायची, कधी तिकीट खिडकीवरही बसायची. तिकीट घेणाऱ्यांना बहुधा पत्ता नसायचा की आत पडद्यावर हीच आहे.

इथे कार्यक्रम बुधवारी बदलतात, तेव्हा मंगळवारी रात्री एकदा नजर टाकत जा. 'ओतेल द्यु नोर' परत लागला तर मला कळवा. पुलावरच्या भांडणाचे संवाद मी आता मेट्रोत येता-जाता पाठ केले आहेत. या खेपेला अर्धा सेकंद आधी हसणार आहे.