'सिल्क'चा गालिचा, मालवणात अकरा महिने वापरून

दिवाळीच्या आधी घेतलेला, म्हणजे एक अख्खा पावसाळा काढलाय त्याने मालवणात, म्हणून आता लिहितोय. दुकानात सिल्क म्हणूनच दाखवला. या बाजूने बघितलं तर गडद, त्या बाजूने फिकट, बायको तिथेच फिदा. बिलावर मात्र नुसतं 'हँडनॉटेड कार्पेट', तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती.

घरी येऊन झालरीचा एक दोरा जाळला, कागद जळल्यासारखा वास, म्हटलं गेले पैसे. मेव्हणा हसायलाच लागला, "रे, झालर म्हणजे ताण्याचीच टोकां!" आणि ताणा (गालिच्याच्या आतले उभे धागे) तर खऱ्या सिल्कच्या गालिच्यातही बरेचदा सुतीच असतो. मग वरच्या लवेतला तुरा चिमट्याने ओढून जाळला. सिल्क असतं तर केस जळल्याचा वास आला असता. इथे परत कागदच, आणि भुरभुरीत राख.

तर हा सिल्क नाही, बहुतेक मर्सराइज्ड कॉटन. जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाने १८५० मध्ये पेटंट घेतलं, सूत कॉस्टिक सोड्यात बुडवायचं, चपटा पिळलेला तंतू फुगून गोल होतो. ताणून धरलं की चमक येते, ती युक्ती मात्र नंतरची. रंगही मस्त पकडतो. कोकम सरबताचा पण पकडला, लगेच टिपलं तरी डाग आहेच.

पहिले चार महिने एक नंबर. मग सोफ्यासमोर पाय टेकतात तिथली लव बसली ती बसलीच, लोकरीसारखी परत उठत नाही.

खरी वाट लागली जुलैत. वरून काही कळत नव्हतं, सहज कोपरा उचलला तर पाठीवर काळे ठिपके आणि कुबट वास. लोकरीला कसर लागते तशी सुताला बुरशी, आणि मर्सराइज्ड सूत साध्यापेक्षा ओल जास्तच पितं. लव कितीही धड दिसू दे, आतला ताणा-बाणा कुजला की दुमडताना कडकड वाजतो आणि गालिचा पाठीतूनच फाटतो. माझा अजून वाजत नाही, दर रविवारी कान लावून बघतो (बायकोच्या मते मला वेड लागलंय). श्रावणात ऊन पडलं की पाठ वर करून वाळवला, कोरड्या ब्रशने झाडला, आता खाली काथ्याची चटई टाकलीय, हवा खेळते. प्लास्टिकमध्ये गुंडाळून मात्र ठेवू नका, आत घामटतो.

बेडरूमला ठीक आहे, हॉलला नको. आणि भाव कॉटनचाच द्या.

परवा त्या दुकानात जाऊन विचारलं तर म्हणे, 'आर्ट सिल्क' सांगितलं होतं की. आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, हे तेव्हा कोण बोललं होतं!