वाल दाट टोकायचे की पातळ, आणि डीएपी की सुपर फॉस्फेट?

भात कापून झालं की खाचरात वाल टाकणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले, अंतर किती ठेवू आणि खताची गोणी कुठली आणू. माझ्या मते आधी जमिनीतली ओल बघा, खताचं त्याच्यानंतर.

३० बाय १५ सेंमीवर, म्हणजे दोन ओळींत ३० आणि ओळीतल्या दोन झाडांत १५, एकरी साधारण ८९ हजार झाडं बसतात, ४५ बाय १५ वर जेमतेम ५९ हजार. पातळ लावलं की फांद्या जास्त फुटतात, एकेक झाड शेंगांनी लगडलेलं दिसतं आणि बघणारा खूश होतो, पण हिशोब एका झाडाचा नसतो, एकराचा असतो! ओल धरणारी भारी जमीन असेल आणि सुके वाल करायचे असतील तर ३० बाय १५ च घ्या. हलकी जमीन लवकर सुकते, तिथे दाटी केली की सगळीच झाडं तहानतात, फुलं गळतात, दाणा बारीक राहतो, तिथे ४५ बरं.

आता खत. कडधान्याला एकरी १० किलो नत्र (नायट्रोजन), २० किलो स्फुरद (फॉस्फरस) धरतात. डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद येतं, म्हणजे काम एकाच गोणीत झालं, डोक्यावरून बांध ओलांडत नेणाऱ्याला ते सोयीचं. सुपर फॉस्फेटच्या अडीच गोण्या आणि वर २२ किलो युरिया लागतो, ओझं वाढतं, पण सोबत १३-१४ किलो गंधक आणि कॅल्शियमही मिळतं, त्यामुळे वाहतूक जमत असेल तर मी सुपरच सांगेन. दोन्हीपैकी काहीही घ्या पण शेतभर वरून फेकून पसरू नका, कोकणातली तांबडी आंबट माती स्फुरद धरून ठेवते आणि वरचा थर सुकला की खत तिथेच पडून राहतं, बियाच्या खाली थोडं अंतर सोडून ओळीत द्या.

नंतर युरियाचा दुसरा हप्ता मात्र नकोच. महिन्याभराने एक झाड मातीसकट हलकेच उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा, आत गुलाबी असेल तर झाड स्वतःचं नत्र स्वतः करतंय. वरून युरिया दिलात तर गाठी कमी होतात, पाला माजतो, मावा (रस शोषणारी बारीक कीड) येतो. पेरताना बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवर या गाठी करणारे जिवाणू, लावा, १० किलोला २५० ग्रॅमचं एक पाकीट, आणि सावलीत सुकवा.

पोपटीच्या (मडक्यात शेंगा भाजायच्या) सीझनला हिरव्या शेंगा विकायच्या असतील तर जमीन भारी असली तरी मी ४५ च ठेवेन, तोडे दोन-तीन होतात, ओळीत पाय ठेवायला जागा लागते आणि माव्यावर फवारताना पंप आत नेता येतो.