तावदान बदलावं की खिडकीच?

आमच्या रत्नागिरीच्या घरात दोन्ही करून झालं आहे. स्वयंपाकघरातली काच फुटली तेव्हा लाकडी खिडकीच काढली आणि अ‍ॅल्युमिनियमची सरकती बसवली. पुढे काही वर्षांनी, वळवाच्या वाऱ्यात, झोपायच्या खोलीतली झडप आपटून तावदान फुटलं. आकडी लावायची राहिली होती. तिथे फक्त काच बदलली.

सरकतीचे गुण खरे आहेत. वाऱ्यावर आपटत नाही, रंग मागत नाही, मच्छरजाळी तिच्यातच बसते. अर्धीच उघडते, त्याची सवय होते.

पाण्याची मात्र मला झाली नाही. ती भिंत पश्चिमेची. आषाढात झड लागली की खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचतं. ते बाहेर जायला भोकं असतात, पण धूळ आणि मेलेल्या किड्यांनी ती बुजतात. तारेने मोकळी केली, तरी वाऱ्याचा जोर असला की त्याच भोकांतून पाणी बुडबुडत आत येतं आणि ओट्यावर उतरतं. कडेने सिलिकॉन भरून पाहिलं, फरक पडला नाही. रात्री उठून फडकं पिळणं चार पावसाळे चाललं आहे. वर रुंद छज्जा असेल, कारागिराने उतार नीट दिला असेल, तर तुम्हाला हा त्रास होणारही नाही.

लाकडी झडप बाहेर उघडते आणि मिटली की चौकटीच्या खाचेत बसते, पाणी बाहेरूनच ओघळतं. जुलैत फुगते, ओढून लावावी लागते, हे मान्य. पण आमच्या त्या खोलीत गादी कधी भिजली नाही.

काच बदलताना सुताराजवळ उभे राहा. जुनी लांबी, म्हणजे काच बसवायची पुट्टी, पटाशीने पूर्ण खरवडून घ्या. उघड्या लाकडाला आधी प्रायमरचा हात हवा, नाहीतर ते लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि लांबी तडकते. काच खाचेपेक्षा दोन-तीन मिमी लहान कापायला सांगा, लाकूड फुगायला जागा लागते. मला 4 मिमीची साधी काच पुरली. घरात लहान मुलं असतील तर टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच घ्या, पण माप दोनदा घ्या, ती नंतर कापता येत नाही.

आधी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पटाशीचं टोक टोचून बघा. सहज आत गेलं, तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने खाल्लंय. मग सरकतीच बरी.