फिट्सची गोळी चालू असताना: कॉपर-टी की माला-एन?

इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या मामेबहिणीला फिट्ससाठी कार्बामाझेपिन चालू आहे. दुसरं मूल तीन वर्षांनी हवंय. तोवर दिवस राहू नयेत म्हणून काय वापरू, गर्भाशयात बसवायची कॉपर-टी की माला-एन ही रोजची गर्भनिरोधक गोळी, तिनं विचारलं.

पैशांचा प्रश्नच नाही, सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट. खरा मुद्दा भरवशाचा. तिच्या कॅलेंडरवर रोजच्या गोळीची खूण असते, एकही चुकत नाही. तरी माला-एन घेऊन दिवस जाऊ शकतात, कारण कार्बामाझेपिनमुळे यकृत त्यातले हार्मोन भराभर मोडतं. कॉपर-टीत हार्मोनच नाहीत. ३८० ए प्रकारची कॉपर-टी १० वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. पाळीत रक्त मात्र जास्त जातं, म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासून घे गं.

तिला कॉपर-टीच. माला-एन अशा बाईला, जिला बीपी, मायग्रेन नाही आणि फिट्सची अशी औषधंही नाहीत. मूल हवं झालं की कॉपर-टी काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला भेटायचं, फॉलिक ॲसिड सुरू करायचं.