मोफत वकील मिळतो, शिक्षेचा हिशेब मागून घ्यावा लागतो

तुरुंगात असलेल्या माणसासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील घ्यावा का? विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून हा प्रश्न नेहमी येतो. घ्यावा. त्यासाठी बैलजोडी विकायची किंवा सावकाराचं दार ठोठवायची गरज नाही. मात्र ही सेवा वकील नेमून देण्यात जितकी बरी आहे, तितकीच शिक्षा ठरते त्या दिवशी आणि त्यानंतर कच्ची पडते. माणूस हकनाक जास्तीचे महिने आत राहतो तो या कच्च्या भागामुळेच.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे तहसीलच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालू नका. आतल्या माणसाने साध्या कागदावर अर्ज लिहून, सही किंवा अंगठा करून तुरुंग अधीक्षकांमार्फत पाठवावा. घरचे लोक तालुका न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज देऊ शकतात, नाहीतर १५१०० वर फोन करता येतो. अर्जात पोलिस ठाणं, गुन्हा क्रमांक, कलमं, अटकेची तारीख आणि पुढची पेशी एवढं हवंच. कोर्ट फी, टायपिंग, नकला, भाषांतर हे सगळं सेवेतच येतं. कुणी 'खर्चापुरते' पैसे मागितले तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा.

२०२२ च्या योजनेतून आलेली लोक अभिरक्षक कार्यालयं, म्हणजे मोफत बचाव वकिलांची कार्यालयं, ही मोठी सुधारणा आहे. हे वकील पूर्णवेळ फौजदारी बचावाचंच काम करतात, खाजगी वकिली करत नाहीत. अडचण अंतराची. कार्यालय जिल्ह्याला, कोर्ट तालुक्याला आणि आरोपी तिसऱ्याच गावच्या तुरुंगात. त्यात पेशी व्हिडिओवर झाली की वकील आणि आरोपी यांचं धड बोलणंच होत नाही. आरोपी कोलामी किंवा गोंडी बोलणारा असेल तर दुभाषा हवा असं अर्जातच लिहा. ऐनवेळी कुणी मिळत नाही.

अटकेची तारीख का महत्त्वाची, तर पहिल्या रिमांडपासून ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त कैदेच्या गुन्ह्यात ही मुदत ९० दिवसांची आहे. अर्ज मुदत संपल्या संपल्या, दोषारोपपत्र दाखल होण्याआधी पडला पाहिजे. ते आधी आलं तर हा हक्क गेला.

जामीन मंजूर होऊनही माणूस सुटत नाही, याचं आपल्याकडचं मुख्य कारण जामीनदार. सातबाऱ्यावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असतो, वनहक्काचा पट्टा विकता येत नाही म्हणून तो चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला यावर निर्देश दिले आहेत. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. व्यवहारात वकिलाला आठवण द्यावी लागते. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडण्याचा अर्ज करा, असं त्यांना स्पष्ट सांगा.

आता कच्चा भाग. दोष सिद्ध झाला की शिक्षेवर स्वतंत्र म्हणणं मांडण्याचा आरोपीला हक्क आहे. तिथे बहुतेकदा 'आरोपी गरीब आहे, दया व्हावी' एवढंच एक वाक्य येतं. आपल्या देशात शिक्षा किती द्यावी याची बांधील मार्गदर्शक तत्त्वं नाहीत. त्यामुळे वकील जे कागदावर आणील तेवढंच न्यायाधीशांपुढे असतं. वयाचा दाखला, पहिलाच गुन्हा असल्याचं म्हणणं, घरात खाणारी तोंडं किती आणि कमावणारा कोण, आत काढलेले दिवस हे लेखी द्यायला लावा. आरोपी २१ वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याप्रमाणे (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा) कोर्टाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. तरीही तुरुंगात पाठवलं तर कारणं लिहावी लागतात. हे कलम पुढे केलंच जात नाही, याचा आम्हाला खरा संताप आहे.

निकालाचं शेवटचं पान ओळ न ओळ वाचा. समजा एका कलमाखाली तीन वर्षं, दुसऱ्याखाली दोन, आणि प्रत्येकी ५,००० रुपये दंड, न भरल्यास तीन-तीन महिने. 'शिक्षा एकत्रित भोगावी' असं लिहिलं असेल तर तीन वर्षं, 'एकामागून एक' असेल तर पाच. जुन्या फौजदारी संहितेखालच्या निकालात ही ओळच नसेल तर ती एकामागून एक धरली जाते. सही झालेल्या निकालात त्याच कोर्टाला लेखनचुकीपलीकडे बदल करता येत नाही. मग अपिलाशिवाय वाट उरत नाही, म्हणून शिक्षा एकत्रित ठेवण्याची मागणी शिक्षा ठरते त्याच दिवशी व्हायला हवी.

दंड भरला नाही तर त्याचे सहा महिने वेगळे, शेवटी. ते इतर कैदेत मिसळत नाहीत आणि निकालाआधी आत काढलेल्या दिवसांची शिक्षेतून जी वजावट होते, तीही त्यांना लागू नाही. थोडा दंड भरला तर त्या प्रमाणात कैद कमी होते, हे फार थोड्या घरांना माहीत असतं. वजावटीत पोलिस कोठडीचे दिवसही धरायचे. १० मार्चला अटक आणि २५ जूनला सुटका असेल तर दोन्ही दिवस धरून १०८ दिवस होतात. तुरुंगात पोचल्याच्या तारखेपासून मोजलं की कोठडीचे दिवस हातचे जातात. तुरुंगातली नोंद आणि निकालातला आकडा ताडून पाहायला सांगा.

निकालाची प्रत शिक्षा झालेल्याला फुकट मिळते. दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस आहेत, सत्र न्यायालयाच्या निकालावर नागपूर खंडपीठात ६०. मुदत टळली तरी विलंबमाफीचा अर्ज होतो. अपील तुरुंगातून अधीक्षकांमार्फतही जातं, आणि नागपुरात उच्च न्यायालयाच्या विधी सेवा उपसमितीकडून वकील मिळतो. तिथल्या वकिलाला खालच्या कोर्टातलं काहीच माहीत नसतं, म्हणून दोषारोपपत्र आणि साक्षींच्या नकलांचा एक संच घरी जपून ठेवा आणि अर्जासोबत त्याची झेरॉक्स पाठवा.