गिअरबॉक्स न उघडताच ३२,००० चं बिल

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त काकांच्या छोट्या पेट्रोल गाडीतून साठच्या पुढे घूंऽऽ असा आवाज यायला लागला. वेग वाढला की आवाजही वाढायचा. बायपासजवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडी जेमतेम एक चक्कर फिरवली आणि निदान केलं, "अंकलजी, गिअरबॉक्स के बेअरिंग गए." पुरावा म्हणून गिअरबॉक्सचं तेल सोडायचा ड्रेन बोल्ट काढून त्यावरचा करडा लगदा बोटावर घेऊन दाखवला. काकांनी होकार दिला. बिल झालं ३२,०००, आणि आवाज जिथल्या तिथे. विचारल्यावर उत्तर, "नए बेअरिंग हैं, सेट होने दो." बेअरिंग असं सेट वगैरे होत नसतं; नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गप्प असतं.

लबाडीची सुरुवात त्या लगद्यापासून. पुष्कळ गाड्यांत ड्रेन बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं, ते गिअर झिजून पडणारी बारीक पूड धरून ठेवण्यासाठीच. चालत्या गाडीत ग्रीससारखा मऊ लगदा निघणारच. बोटांत चोळल्यावर खडे लागले, दाताचा तुकडा किंवा पापुद्रे निघाले, तर काळजी करायची. गिअर अलगद पडावा म्हणून आत असलेल्या सिंक्रो रिंगचा पितळी चुरा चुंबकाला चिकटत नाही. तो काढलेल्या तेलात चमकतो. म्हणून तेल स्वच्छ भांड्यात काढायला सांगून उन्हात धरून बघावं.

आता आवाजाचं. गाडी उभी, न्यूट्रल, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबताच थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनची ताकद आत आणणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या गिअरची जोडी. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही; केबल किंवा क्लचचं ऑइल आधी बघायचं. काकांच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. आवाज फक्त वेगाशी बांधलेला, गिअर कुठलाही असो.

अशा वेळी सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर साठला क्लच दाबून न्यूट्रल करावं, इंजिन मात्र बंद करू नये. आवाज तसाच राहिला तर चाकाचं बेअरिंग, टायर किंवा डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर). रस्त्याचा पोत बदलला की आवाजही बदलतो, तर टायर. लांब वळणावर डावीकडे वळताना वाढतो आणि उजवीकडे कमी होतो, तर बहुधा उजव्या चाकाचं बेअरिंग, कारण डावीकडे वळताना भार उजवीकडे जातो. खात्रीसाठी हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून, पुढचं चाक उचलायचं आणि खाली स्टँड द्यायचा. गाडी न्यूट्रलमध्ये. एका हाताने चाक फिरवायचं, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी हाताला कळते. काकांच्या उजव्या पुढच्या स्प्रिंगला ती स्पष्ट लागत होती. चाकाचं बेअरिंग बदलायचं काम छोट्या गाडीत काही हजारांत होतं. बेअरिंग हबमध्ये प्रेसने बसवायचं असेल तर मशीनवरच बसवून घ्यावं. हातोड्याने ठोकलेलं लवकर बोलू लागतं.

मग ३२,००० कशाचे? खालून टॉर्च मारली तेव्हा गिअरबॉक्सला इंजिनशी जोडणाऱ्या बोल्टांच्या कडांवर जुनी माती आणि तेलाचा थर शाबूत होता. पाना लागला की त्या कडा उघड्या पडतात, चकाकतात. या गिअरबॉक्सचे दोन अर्धे सीलंटने चिकटवतात, म्हणून उघडला असेल तर जोडावर सीलंटची नवी रेष दिसायला हवी. तशी पट्टी होती खरी, पण नखाने उचलताच ती अखंड निघाली आणि तिच्या पाठीवर धूळ चिकटलेली! म्हणजे न पुसलेल्या जोडावर बाहेरूनच ती फासली होती. चाकाचा एक्सल नट हललेला नाही, हा मात्र पुरावा धरू नये. तो न काढताही गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा शाफ्ट गिअरबॉक्समधून बाहेर घेता येतो.

बिलही बोलकं होतं. गिअर ऑइल ५ लिटर! एवढ्या गाडीच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला दोन-अडीच लिटर पुरतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. शाफ्ट निघाले की दोन्ही ऑइल सील नवे टाकण्याची रीत आहे. बिलात एकही नव्हतं. 'बेअरिंग किट' लिहिलेलं, पण पार्ट नंबर नाही. जुने बेअरिंग मागितले तेव्हा "कबाड़ में गए".

गिअरबॉक्सचा खर्च कबूल करण्याआधी गॅरेजमालकाला चाचणीला शेजारी बसवावं, जुने पार्ट परत हवेत हे जॉबकार्डवर लिहून घ्यावं, आणि गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर फोन करायला सांगून स्वतः जाऊन बघावं. तेव्हा क्लचप्लेटही समोर असते, तिचंही निदान त्याच फेरीत.

फसवणूक झालीच असेल तर दुसऱ्या मिस्त्रीला हात लावू देण्याआधी बोल्ट आणि जोडाचे फोटो काढा. एकदा पाना फिरला की पुरावा गेला. त्या मिस्त्रीचं निरीक्षण सहीसकट कागदावर घ्या. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

काकांनी फोटो पुढे ठेवल्यावर गॅरेजवाल्याने तेलाचे आणि 'किट'चे पैसे परत केले. मजुरीवरून तंटा अजून चालू आहे.